हिवाळा सरताना सह्याद्रीत जायचंय? हवा, घसारा आणि पाण्याचा हिशेब

'होळी जळाली, थंडी पळाली' असं आपण म्हणतो. डोंगरात ती अशी एका रात्रीत पळत नाही. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत ती रात्री मुक्कामाला असते आणि सकाळी नऊनंतर तिचा पत्ता नसतो. नव्याने ट्रेकला जाणारा माणूस नेमका इथे चुकतो. पहाटेच्या गारठ्यावर तो दिवसाचा अंदाज बांधतो, आणि डिसेंबरात चाललेली वाट आता तशीच असेल असं धरून चालतो.

आम्हीही तेच केलं होतं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पाच जण तोरणा ते राजगड अशा डोंगरधारेने निघालो. गारठ्यामुळे पांघरुणातून कुणी उठेना, त्यामुळे वेल्ह्यातून चढायला साडेआठ झाले. बुधला माचीवरून पलीकडे उतरायला लागलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. माझा मावसभाऊ पुढे होता. याच उतारावरून तो दोन महिन्यांपूर्वी सहज उतरला होता. या वेळी पायाखालचा मुरूम ज्वारीचे दाणे सांडावेत तसा सरकला, तो मागे बसला आणि आधाराला टेकलेल्या हाताचं मनगट मोडलं. दोन वाजता आम्हा पाच जणांत मिळून एक लिटर पाणी उरलं होतं. धारेखालच्या एका वस्तीवरच्या मावशींनी हंडाभर पाणी आणि ताक दिलं, म्हणून आम्ही संध्याकाळी गाडीरस्त्याला लागलो. त्या दिवसानंतर या सव्वा महिन्यासाठी मी माझी पद्धत पूर्ण बदलली. ती इथे क्रमाने सांगतो.

१. गड निवडताना आधी उतराई बघा

चढाई किती अवघड आहे हे सगळेच विचारतात. या दिवसांत विचारायचा प्रश्न वेगळा आहे: उतरताना घसारा किती आहे, आणि तो टप्पा किती वाजता येईल?

सह्याद्रीचा हा भाग लाव्हाच्या थरांवर थर साचून बनलेला आहे. कठीण थराचा उभा कडा, त्याखाली मऊ थराचा तिरपा उतार, मग पुन्हा कडा. मऊ थराचा खडक झिजून मुरूम होतो. पावसाळ्यात तो ओला आणि गवताच्या मुळांनी बांधलेला असतो. डिसेंबरात थोडी ओल शिल्लक असते. फेब्रुवारी संपता संपता ती पूर्ण जाते, गवत गुरांनी खाल्लेलं किंवा कापून नेलेलं असतं, आणि कातळावर सुटे खडे तेवढे उरतात. त्यालाच आपण घसारा म्हणतो.

पहिलाच किंवा दुसराच ट्रेक असेल तर तोरणा-राजगड, अलंग-मदन-कुलंग, किंवा कोकणातून हरिश्चंद्रगडावर चढणारी नळीची वाट या दिवसांत धरू नका. पायऱ्या असलेला, झाडी असलेला आणि पायथ्याला गाव असलेला गड निवडा. हरिश्चंद्रगडाला जायचंच असेल तर पाचनईची वाट नवख्यांना सर्वांत सोयीची. कळसूबाईला बारी गावातून जा, पण शिड्यांवर शनिवार-रविवारी गर्दी होते आणि उन्हात ताटकळावं लागतं, हे लक्षात ठेवा. महाशिवरात्रीला हरिश्चंद्रगडावर मोठी यात्रा असते, तेव्हा ट्रेकचा बेत ठेवू नका.

२. निघण्याआधी तीन दिवस हवामान बघायला लागा

भारतीय हवामान विभागाचं संकेतस्थळ किंवा 'मौसम' ॲप पुरेसं आहे. मोबाइलमध्ये आपोआप दिसणारा आकडा शहराचा असतो, गडाचा नव्हे. त्यावरून गडाचा अंदाज असा काढा: दर हजार मीटर उंचीला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर, तोरणा १,४०३ मीटरवर. म्हणजे पुण्यात दुपारी ३५ अंश असतील तर माथ्यावर सावलीत तीसच्या जरा खाली. हे ऐकायला बरं वाटतं, पण धारेवर सावलीच नसते आणि काळा कातळ हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. हात टेकवत नाही इतका.

कमाल आणि किमान तापमान दोन्ही लिहून घ्या. या दिवसांत पहाटे १४ आणि दुपारी ३४ असा वीस अंशांचा फरक सहज पडतो. कपडे आणि पाणी या दोन्हींचा हिशेब या फरकावरून करायचा.

कोकणातून चढणारी वाट असेल तर किनारपट्टीचा अंदाज वेगळा बघा. एरवी दुपारच्या सुमारास समुद्रावरून वारा सुटतो आणि उकाडा आटोक्यात राहतो. पूर्वेकडून जमिनीवरचे कोरडे वारे जोरात असले की समुद्राचा वारा उशिरा पोहोचतो आणि फेब्रुवारीतसुद्धा पारा ३७-३८ वर जातो. हवामान विभाग किनारपट्टीसाठी ३७ अंश आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंश जास्त, असा उष्णतेच्या लाटेचा निकष लावतो. असा इशारा असेल त्या दिवशी नाळेची वाट टाळा. दोन्ही बाजूंना कातळ, तळाशी तापलेले धोंडे आणि वाऱ्याला वाव नाही, अशी ती जागा असते.

तिसरी गोष्ट अवकाळी पाऊस. 'मार्चमध्ये कसला पाऊस' असं म्हणू नका. २०१४ मध्ये फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये राज्यभर गारपिटीने पिकं झोपवली होती. अंदाजात वादळी पाऊस, गडगडाट असे शब्द किंवा पिवळा-नारिंगी रंग दिसला तर बेत पुढे ढकला. वीज कुठे पडतेय हे सांगणारं 'दामिनी' ॲप पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने बनवलं आहे, ते आधीच घेऊन ठेवा. असे ढग बहुतेक दुपारनंतर चढतात. ते दिसायला लागले की माथा, धार, लोखंडी शिड्या आणि रेलिंग सोडून खाली या. ऑक्टोबरापासून साचलेल्या धुळीवर पावसाची पहिली सर पडली की कातळावर साबण लावल्यासारखा थर होतो. भर पावसाळ्यातल्या धुतलेल्या कातळापेक्षा तो जास्त निसरडा असतो.

३. पायथ्याच्या गावात फोन करा आणि हे चार प्रश्न विचारा

कोणतंही ॲप या चार प्रश्नांची उत्तरं देत नाही. पायथ्याला जेवणाची सोय करणारं एखादं घर असतंच, तिथल्या काका-मावशींना विचारा:

- गडावरच्या कोणत्या टाक्याला आत्ता प्यायचं पाणी आहे?
- वणवा लागून गेलाय का? कुठल्या बाजूने?
- वाटेवर मोहोळ बसलंय का, इतक्यात उठलं होतं का?
- मुक्कामाला परवानगी आहे का, वनखात्याची पावती कुठे फाडायची?

'पाणी आहे' एवढ्यावर समाधान मानू नका. 'तुम्ही स्वतः कधी बघितलं?' असं विचारा. मागच्या महिन्यात असलेलं पाणी आज असेलच असं नाही. टाक्यात पाणी असूनही ते हिरवं, मेलेला उंदीर तरंगणारं असू शकतं. मुक्कामाचे नियम गडागडाप्रमाणे वेगळे आहेत आणि बदलत राहतात. हरिश्चंद्रगड आणि रतनगड अभयारण्यात येतात, तिथे प्रवेशशुल्क भरून पावती जवळ ठेवावी लागते.

४. दिवस उलटा मांडा

बारा ते साडेतीन उघड्यावर चालायचं नाही, हा नियम आधी कागदावर लिहा आणि त्याभोवती बाकीचा दिवस बसवा. फेब्रुवारीअखेर सूर्य सातच्या जरा आधी उगवतो आणि साधारण पावणेसातच्या आत मावळतो. आमची त्या दिवशीची वाट आज मी अशी मांडेन: साडेपाचला वेल्ह्यातून टॉर्च लावून निघायचं, आठच्या आसपास मेंगाई देवीच्या देवळाशी नाश्ता, नऊ-सव्वानऊला बुधल्याचा उतार पूर्ण, बाराच्या आत धारेवरचा गाडीरस्ता किंवा एखादी वस्ती. तिथे साडेतीनपर्यंत सावलीत आडवं व्हायचं. मग अळू दरवाजाने संध्याकाळी राजगडाच्या संजीवनी माचीवर. तोवर कुणी दमलं असेल, पाणी कमी असेल किंवा राजगडावर मुक्काम करता येणार नसेल, तर रस्त्यावरूनच परत. एकाच गडाची फेरी असेल तर अकराच्या आत उतराई सुरू करा.

पहाटे लवकर निघण्यात एक अडचण आहे. वाळक्या गवतावर दव पडलेलं असतं आणि आठ-साडेआठपर्यंत ते वाळत नाही. आडवं झोपलेलं ओलं गवत काचेसारखं सरकतं, त्यामुळे गवताळ तिरप्या उतारावरचा भाग उजाडल्यानंतरच चाला. वाटेच्या दरीकडच्या कडेला पाऊलभर गवत बाहेर झुकलेलं असतं आणि त्याखाली जमीन असेलच असं नाही. पाऊल नेहमी डोंगराच्या अंगाने ठेवा.

५. घसाऱ्यावर उतरायचं कसं

माझ्या मते बाकी सगळं विसरलं तरी हा भाग विसरू नये, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

घाबरलेला माणूस उतारावर मागे झुकतो. वजन मागे गेलं की पायाचा दाब कमी होतो, टाच सुटते आणि माणूस पाठीवर येतो. माझा मावसभाऊ असाच पडला. गुडघे मऊ ठेवा, कंबरेतून किंचित पुढे या, वजन पायाच्या बरोबर वर राहू द्या. पावलं छोटी टाका, अगदी अर्धी. पाय उताराला थोडा आडवा ठेवा आणि पूर्ण तळवा टेकवा.

घसारा दोन प्रकारचा असतो आणि दोन्हींवर चालायची रीत निराळी आहे. मुरमाचा थर वीतभर जाड आणि मऊ असेल तर टाच रुतवून उतरता येतं, पाऊल स्वतःच आपली पायरी करून घेतं. खाली टणक कातळ आणि वर बोटाच्या पेरभर खडे असा थर असेल तर टाच रुतणारच नाही. तिथे बुटाच्या टोकाने खडे बाजूला सारून कातळ मोकळा करा, मगच वजन टाका. वेळ लागतो, लागू द्या. शंका आली तर तोंड डोंगराकडे करून, हात टेकवत उतरा. बसून घसरत जाऊ नका. वेग आला की थांबता येत नाही आणि खडे विजारीसकट कातडं सोलतात.

काठी दरीच्या अंगाच्या हातात धरा आणि पावलाच्या जरा पुढे-खाली रोवा. आधाराला वाळकी कारवी दिसेल, पण ती मुळासकट हातात येते. धरायचीच वेळ आली तर तीन-चार दांड्या एकत्र, बुंध्याशी धरा. सुती हातमोजे घालाच. गवत, तापलेला खडक आणि काटे या तिन्हींना ते पुरतात.

एकामागोमाग एक चिकटून उतरू नका. वरच्याच्या पायाने सुटलेला लिंबाएवढा धोंडा खालच्याच्या डोक्यावर पोहोचेतो जोर धरतो. एक जण पूर्ण उतरून बाजूला झाला की दुसऱ्याने निघावं. दगड सुटला तर लाजू नका, 'दगड!' म्हणून मोठ्याने ओरडा.

६. पाणी: किती, कशात, कधी

दिवसभराच्या चालीला माणशी चार लिटर धरा. दोन लिटरच्या दोन बाटल्यांपेक्षा एकेक लिटरच्या चार घ्या, म्हणजे किती संपलं ते डोळ्यांना दिसतं. चौथी बाटली उतराईची. ती वर जाताना उघडायची नाही, असं गटात ठरवून टाका. तहान लागायची वाट न बघता दर वीस मिनिटांनी दोन-तीन घोट घ्या.

घामातून मीठही जातं. बाजारातली ओआरएसची पाकिटं ठेवा. नसतील तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. यापेक्षा मीठ वाढवू नका. सोबत काकडी, संत्री, कोकमाचं सरबत. फरसाण आणि वेफर्स घरी ठेवा, त्यांनी घशाला कोरड पडते.

कुणाला डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे येणं सुरू झालं की त्याला सावलीत बसवा, बूट-सॅक काढा, मानेवर ओलं फडकं ठेवा आणि घोटाघोटाने पाणी द्या. बोलणं असंबद्ध झालं, चालताना झोक जायला लागला किंवा अंग भाजल्यासारखं तापलं, तर तो उष्माघात समजा. अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

टाक्याचं पाणी गाळून, क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास ठेवून प्या. टाक्यात पाय घालू नका, भांडी बुचकळू नका. पाऊस येईपर्यंत गुराखी आणि रानातली जनावरं तेच पाणी पिणार असतात.

७. वणवा आणि जळलेली वाट

फेब्रुवारीपासून डोंगर पेटायला लागतात. दुपारी वारा दरीतून वर चढतो, आणि आगही वरच धावते. धूर दिसला तर कधीही चढाच्या दिशेने पळू नका. उघडा कातळ, ओढ्याचं खडकाळ पात्र किंवा आधीच जळून गेलेली जमीन गाठा आणि तिथेच थांबा. नायलॉनचं जॅकेट अंगावरून काढून ठेवा, ते वितळून कातडीला चिकटतं.

वणवा विझल्यानंतरचा धोका फार कुणी सांगत नाही. काळ्या उतारावर पायवाट दिसतच नाही. वाट ओळखता येते ती दोन्हीकडच्या गवतामुळे, आणि ते गवतच गेलेलं असतं. मुळं जळाल्यामुळे मुरूम आणखी सुटा होतो, वर राखेचा थर. अशा ठिकाणी मोबाइलमध्ये आधी उतरवून ठेवलेला, नेटवर्कशिवाय चालणारा नकाशा उपयोगी पडतो. वनखातं आग पसरू नये म्हणून जाळरेषा काढतं. ती लांबून रुंद, स्वच्छ वाटेसारखी दिसते आणि नवखे तिच्यावरून भलतीकडे उतरतात. ढोरवाटांचंही तेच. दहा मिनिटं चालूनही माणसाच्या खुणा दिसल्या नाहीत, तर मागे फिरा. शेवटच्या माहितीच्या जागेपर्यंत परत येण्यात वीस मिनिटं जातात, चुकीच्या घळीत उतरलं तर रात्र जाते.

आपली चूल किंवा सिगरेट वणव्याचं कारण होऊ शकते. राखीव वनात आग लावणं हा १९२७ च्या वन कायद्याखाली गुन्हा आहे. या दिवसांत मी गडावर चूल पेटवतच नाही, चहा पायथ्याला पितो.

८. मोहोळ आणि खाजकुयली

पळस, पांगारा, काटेसावर फुलायचे हेच दिवस, आणि कड्यांवर आग्या मोहोळं धरायचेही हेच. अत्तर, डिओ, धूर, आरडाओरडा, ड्रोन यांतलं काहीही त्यांना उठवू शकतं. कड्याखालून शांतपणे चाला. मोहोळ उठलंच तर डोकं-तोंड कपड्याने झाका, हात झाडू नका आणि कड्याच्या काठापासून लांब जा. वाट मोकळी आणि सपाट असेल तर वेगाने निघून जा. नसेल तर चादरीखाली पालथं पडून राहा. काटे नखाने खरवडून लगेच काढा. अंगावर गांधी आल्या, ओठ सुजले किंवा श्वास लागला तर एकही मिनिट न दवडता दवाखाना गाठा.

खाजकुयलीच्या मखमली तपकिरी शेंगा आता वाळून फुटत असतात. लव अंगावर पडली तर चोळू नका. चिकटपट्टी लावून उपटा, मग पाण्याने धुवा. पूर्ण बाह्यांचा शर्ट असला तर हा त्रास मुळातच कमी होतो.

९. रात्रीचा गारठा

मुक्काम असेल तर तंबू सर्वांत खोलगट जागी लावू नका. रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली वाहते आणि खळग्यात साचते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ दव गोठतं, गावात मात्र गोठत नाही, ते याचमुळे. तळ्याकाठापेक्षा थोडं वर, वाऱ्याच्या आडोशाला जागा बघा. घामाने भिजलेला शर्ट सूर्य मावळायच्या आत बदला.

१०. सॅकमध्ये काय, खिशात काय

कागदपत्रं:

- ओळखपत्र आणि त्याची एक प्रत
- सोबत्यांची नावं, रक्तगट, घरचे फोन लिहिलेला कागद. याची एक प्रत घरी आणि एक पायथ्याच्या गावात ठेवा
- सुटे पैसे, कारण नेटवर्क नसलं की फोनवरून पैसे जात नाहीत
- नेहमीच्या औषधांची चिठ्ठी

सामान:

- खोल खाचांच्या तळव्याचे, आधी वापरून पायाला बसलेले बूट
- हनुवटीखाली बांधता येणारी टोपी (धारेवर दुपारचा वारा साधी टोपी उडवतो आणि ती पकडायला गेलेला माणूस काठावर जातो)
- कपाळाला बांधायचा टॉर्च, जास्तीचे सेल, शिट्टी
- क्रेप बँडेज, जंतुनाशक, चिकटपट्टी, चिमटा
- सुती चादर: ऊन, गारठा, मोहोळ, तिन्हींना चालते
- विंडचीटर, कोरडे मोजे, काठी

फोनमध्ये ११२ आणि १०८ सोबत 'महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर'चा मदत क्रमांक निघण्याआधी शोधून जतन करा. गडांवरच्या बचावकार्याला अनुभवी गिर्यारोहक पाठवण्याचं काम ही मंडळी करतात. फोन लागला की जागा सांगताना गडाचं नाव पुरत नाही. कुठल्या गावातून चढलात, शेवटची ओळखीची खूण कोणती, तिथून किती मिनिटं चाललात, हे सांगा. मग जागचे हलू नका.

खाली उतरलात की ज्या घरी जेवलात तिथे सांगून जा, की अमुक टाक्यात एवढं पाणी आहे, अमुक वळणावर वाट ढासळलीय. पुढच्या आठवड्यात त्यांना फोन करणाऱ्या कुणाला तरी तेच हवं असतं.